ब्राऊझरमधल्या शीटचे कॉलबॅक इव्हेंट: डेअरी, काटा आणि फाऊंड्रीच्या एन्ट्री स्क्रीन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मी छोट्या धंदेवाल्यांना एन्ट्री स्क्रीन करून देतो. कधी गावची दूध डेअरी, कधी उसाचा काटा, कधी उद्यमबागेतली फाऊंड्री, आणि सगळ्यांची मागणी एकच, की एक्सेलसारखं दिसलं पाहिजे, कारण क्लार्कचा हात त्यालाच बसलेला असतो. मग ब्राऊझरमध्ये चालणारी शीट बसवायची आणि तिचे इव्हेंट (सेल बदलला, ओळ गेली अशा घटनेची शीटनं दिलेली खबर) पकडून मागचा हिशोब करायचा. या कामात नवीन आलेली पोरं-पोरी फोन करून जे प्रश्न विचारतात ते इथं लिहिलेत. उदाहरणं बहुतेक हँड्सऑनटेबल या जावास्क्रिप्टच्या तयार शीटची आहेत कारण रोज तेच हाताखाली असतं, दुसरा कंपोनंट, म्हणजे दुसरी तयार शीट, असेल तर नावं वेगळी असतील पण अडचणी ह्याच येतात. डोळ्यासमोर एक डेअरीची शीट धरा: सभासद नंबर, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर, रक्कम.

कॉलबॅक म्हणजे नेमकं काय ओ? प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

दोघंही बरोबर सांगत असतात, शब्द एक आहे आणि अर्थ दोन. जावास्क्रिप्टवाला म्हणतो तो कॉलबॅक म्हणजे तुम्ही शीटला दिलेलं फंक्शन, "असं असं झालं की हे चालव" एवढाच करार. डॉटनेटमधून आलेला माणूस म्हणतो तो कॉलबॅक म्हणजे पान पूर्ण रिलोड न करता सर्व्हरकडे मारलेली फेरी. डेव्हएक्सप्रेस या डॉटनेटवाल्या शीटमध्ये बिगिनकॉलबॅक, एंडकॉलबॅक, कॉलबॅकएरर हे जे क्लायंटचे इव्हेंट आहेत ते या दुसऱ्या अर्थाचे, म्हणजे फेरी निघाली, फेरी परत आली, फेरीत गडबड झाली. कुणाला मदत मागताना कंपोनंट कुठला ते आधी सांगा, नाहीतर अर्धा तास दोघं वेगवेगळ्या गोष्टीवर बोलत बसतात.

बिफोरचेंजमध्ये काय लिहायचं आणि आफ्टरचेंजमध्ये काय?

बिफोरचेंज म्हणजे दार, किंमत (म्हणजे सेलमध्ये टाकलेलं काहीही, रुपये नव्हे) अजून शीटमध्ये गेलेली नाही. इथं तुम्हाला बदलांची यादी मिळते आणि यादीतल्या प्रत्येक बदलात चार गोष्टी असतात: ओळ, कॉलम, जुनी किंमत, नवी किंमत. चौथी गोष्ट इथंच दुरुस्त करता येते, एखादा बदल नको असेल तर यादीत त्याच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवायचा, आणि फंक्शनमधून फॉल्स परत दिलं तर सगळेच बदल रद्द. हा फरक नीट लक्षात ठेवा कारण क्लार्कनं चाळीस ओळी पेस्ट केल्या आणि एकीत चूक आहे म्हणून तुम्ही फॉल्स दिलं, तर एकोणचाळीस चांगल्या ओळी पण गेल्या आणि तो बिचारा बघत बसतो काय झालं म्हणून.

आफ्टरचेंज म्हणजे किंमत बसली, आता सर्व्हरला कळवा, दुसरीकडची बेरीज बदला. इथं किंमत दुरुस्त करायला जाऊ नका, ती वेळ गेलेली असते.

गायीच्या दुधाचं फॅट ३.५ च्या जागी ३५ पडलं तर कुठं अडवायचं, हा प्रश्न याच्यातच येतो. मी ते अडवत नाही, व्हॅलिडेटर (किंमत बरोबर का ते तपासणारं फंक्शन) लावतो आणि सेल लाल होऊ देतो. सकाळी सहा वाजता लाईन लागलेली असते, कॅनचा आवाज, मशीनचा आवाज, अशा वेळी स्क्रीनवर मध्येच खोका येऊन "चुकीची किंमत" म्हणाला की क्लार्क वैतागून काहीतरी टाकून पुढं जातो. लाल राहिलेला सेल तो लाईन संपल्यावर दुरुस्त करतो. फक्त एवढं बघा की हँड्सऑनटेबलमध्ये चुकीची किंमत मुळातच आत जाऊ दिली जाते, आणि आफ्टरचेंज तिच्यासाठीपण येतो, म्हणून लाल सेलची ओळ बिलात धरायची नाही ही तपासणी तुम्हालाच सर्व्हरवर ठेवावी लागते.

शीट उघडली की काही न करता आफ्टरचेंज येतो आणि नलवर एरर पडतो, का?

कारण डेटा भरणं हापण बदलच आहे. आफ्टरचेंजला दुसरी गोष्ट मिळते ती सोर्स, म्हणजे हा बदल कुणी केला त्याचं नाव. डेटा भरताना तिथं लोडडेटा असं येतं आणि बदलांची यादी नल असते, मुद्दाम तशी ठेवलीय, हजारो ओळींची यादी बनवण्यात वेळ जाऊ नये म्हणून. तुम्ही यादीवर सरळ लूप फिरवला की एरर ठरलेला.

हाताने टाईप केलं तर एडिट, पेस्ट केलं तर कॉपीपेस्ट डॉट पेस्ट, कोपरा धरून खाली ओढलं तर ऑटोफिल डॉट फिल, कंट्रोल झेड दाबलं तर अनडूरीडू डॉट अनडू. माझं म्हणणं असं आहे की या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट हा सोर्सच आहे. काय बदललं हे सगळे बघतात, कुणी बदललं हे कोण बघत नाही, आणि खाली जेवढे प्रश्न आहेत त्यातले निम्मे तिथूनच निघतात.

लिटर बदललं की रक्कम काढून सेलमध्ये टाकतोय, तर ब्राऊझरच अडकून पडतोय.

तुम्ही आफ्टरचेंजच्या आत सेटडेटाॲटसेल, म्हणजे सेलमध्ये किंमत टाकणारं फंक्शन, चालवलंत, त्यानं परत आफ्टरचेंज आला, त्यानं परत सेट केलं, बैल घाण्याला जुंपल्यासारखं ते फिरत राहणार. सेट करताना शेवटी स्वतःचा सोर्स द्या, मी "हिशोब" असा शब्द देतो, आणि फंक्शनच्या पहिल्याच ओळीत बघा, सोर्स "हिशोब" असेल तर परत फिरा. एक सोर्स मोकळा राहिला तरी चक्र चालू होतं म्हणून मी उलटं करतो, ज्या सोर्सवर काम करायचं तेवढ्यांची यादी ठेवतो आणि बाकी सगळे सोडून देतो.

आणि दहा सेल भरायचे असतील तर दहा वेळा सेट करू नका, एकाच वेळी यादी देता येते, मग शीट एकदाच रंगते आणि इव्हेंटपण एकदाच येतो.

एक्सेलमधून पेस्ट केलं की फक्त पहिलीच ओळ सेव्ह होते.

यादीतला शून्य नंबरचा बदल तेवढा वाचलाय तुम्ही. टाईप करताना यादीत एकच बदल असतो म्हणून टेस्ट करताना सगळं बरोबर वाटतं. लूप लावा.

सॉर्ट केल्यावर एकाची एन्ट्री दुसऱ्याच्या नावावर जातेय.

या प्रश्नावर जरा जास्त लिहितो कारण हे माझ्या हातून झालंय आणि त्यात लोकांचे पैसे होते.

आफ्टरचेंज जो ओळीचा नंबर देतो तो डोळ्याला दिसणाऱ्या ओळीचा असतो. क्लार्कनं नावावर क्लिक करून सॉर्ट केलं की दिसणारी चौथी ओळ आणि डेटामधली चौथी ओळ वेगवेगळी. मी तो नंबर तसाच सर्व्हरला पाठवत होतो. जोपर्यंत कोण सॉर्ट करत नव्हतं तोपर्यंत महिनाभर व्यवस्थित चाललं, मग तिथं नवीन क्लार्क आली, तिला नंबर पाठ नव्हते म्हणून ती नावानं लावून घ्यायची, आणि त्या दिवसापासून फॅट इकडचं तिकडं जायला लागलं. कळलं कसं, तर बिलादिवशी एक आजी कार्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या म्हशीचं फॅट कधी एवढं लागत न्हाई, बघ की बाळा जरा." त्यांना पैसे जास्त आले होते. ज्यांना कमी आले त्यातल्या निम्म्यांना कळलंपण नसतं. वहीतल्या नोंदी घेऊन दोन रात्री बसून एकेक ओळ जुळवली तेव्हा हिशोब लागला.

तेव्हापासून मी ओळीचा नंबर सर्व्हरकडं पाठवतच नाही. दिसणारा नंबर टूफिजिकलरोला द्यायचा, तो डेटामधला खरा नंबर देतो, त्या नंबरावरून गेटसोर्सडेटाॲटरोनं पूर्ण ओळ उचलायची आणि तिच्यातला सभासद नंबर आणि नोंदीचा आयडी पाठवायचा. फिल्टर लावल्यावरसुद्धा हेच. टेस्ट करताना पहिलं काम म्हणून शीट उलटी सॉर्ट करा आणि मगच एन्ट्री घाला.

मराठी आकडे टाईप केले की रक्कम एनएएन येते. कानडी आकड्यांचं पण तसंच.

आपल्या भागातला हा खास प्रश्न आहे आणि पुण्या-बेंगळुरूच्या पोरांना तो कधी पडत नाही. इथं एकाच डेअरीत सकाळचा क्लार्क मराठी कीबोर्ड ठेवतो, संध्याकाळचा कानडी, आणि फॅटचा आकडा ज्याच्या त्याच्या लिपीत पडतो. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, देवनागरी १२ दिला तर एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची रीत) आकड्याचा शॉर्टकट तोपण देवनागरीला आकडा मानत नाही.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ हे २४०६ ते २४१५ या जागांवर ओळीनं बसलेत आणि कानडी ३३०२ ते ३३११ वर. अक्षराचा कोड या पट्ट्यात पडला की पहिली जागा वजा करा, राहील तो आकडा. हे बिफोरचेंजमध्ये करा, चौथी किंमत तिथंच बदलून टाका, म्हणजे शीटमध्ये, सर्व्हरमध्ये, बेरजेत सगळीकडं एकच प्रकारचा आकडा राहतो. व्हॅलिडेटर बिफोरचेंजच्या नंतर चालतो त्यामुळं त्यालाही स्वच्छ आकडा मिळतो.

दाखवताना मात्र ज्याला जशी लिपी पाहिजे तशी द्या. टूलोकेलस्ट्रिंगला मराठी-भारत असं लोकेल दिलं की १,२३,४५६ असं देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामासकट येतं. हा दाखवायचा मजकूर परत डेटामध्ये लिहू नका, स्वल्पविराम असलेला मजकूर नंबर फंक्शनला चालत नाही.

आणि सभासद नंबर, मोबाईल, बँक खातं ही आकड्यांसारखी दिसली तरी मजकूर म्हणूनच ठेवा. पुढचं शून्य जातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक खात्रीनं धरतं, म्हणजे सोळा आकडे, त्याच्या पुढचं लांब खातं नंबर म्हणून घेतलं तर शेवटचा आकडा बदलू शकतो, आणि मग पैसे कुठं जातील सांगता येत नाही.

दोन नावं दिसायला सारखी, पण शोधल्यावर एकच सापडतं.

ऱ्य वालं नाव असणार. चंद्रकोरीसारखा तो र दोन-तीन प्रकारांनी टाईप होतो, एक नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. नॉर्मलाईज फंक्शन एनएफसी मोडमध्ये चालवलं की र आणि सुटा नुक्ता जुळून एक ऱ होतो, पण जोडकवाला प्रकार त्यानं जुळत नाही, तो तुम्हाला हातानं बदलावा लागतो. हेसुद्धा बिफोरचेंजमध्येच. मागंपुढं राहिलेली स्पेस पण त्याच ठिकाणी काढून टाका.

मराठी टाईप करताना एंटर दाबला की अर्धाच शब्द जातो.

इंग्रजी अक्षरांतून मराठी देणारे जे कीबोर्ड आहेत त्यात शब्द पूर्ण व्हायच्या आधी तो कच्चा असतो, आणि पहिला एंटर त्या कीबोर्डसाठी असतो, शीटसाठी नाही. तुम्ही बिफोरकीडाऊनमध्ये एंटर पकडून पुढच्या सेलवर उडी मारत असाल तर आधी इव्हेंटवरचं इजकंपोजिंग बघा, ट्रू असेल तर हात लावू नका. पहिलंच अक्षर गळत असेल तर हँड्सऑनटेबलमध्ये आयएमईफास्टएडिट म्हणून सेटिंग आहे ते चालू करून बघा. मी नावाच्या कॉलमला ड्रॉपडाऊन देऊन टाईपिंगच टाळतो, सभासद ठरलेलेच असतात, रोज नाव टाईप करायला लावायचं कारण काय?

प्रत्येक बदलाला सर्व्हरला कळवू का, की थोडं थांबून?

थांबून, पण थांबायची रीत बघून घ्या. बरेच जण कुठूनतरी डिबाउन्सचं फंक्शन उचलतात, ३०० मिलिसेकंद शांत गेले की सेव्ह. हे सर्चबॉक्ससाठी ठीक आहे कारण तिथं शेवटचा शब्दच पाहिजे असतो. शीटमध्ये ते फंक्शन फक्त शेवटच्या बोलावण्याचा बदल पाठवतं आणि आधीचे टाकून देतं. चांगला क्लार्क न्यूमपॅडवर लिटर, टॅब, फॅट, टॅब असा सपासप जातो, त्याच्या वेगात मधले आकडे गळतात आणि हळू टाईप करणाऱ्या तुम्हाला ते टेस्टमध्ये कधी दिसत नाही. बदल आधी एका रांगेत टाका, टायमर फक्त रांग रिकामी करण्यासाठी ठेवा.

दुसरं, पाठवलेल्या क्रमानंच उत्तर येतं असं धरू नका. आधी ६.२ पाठवलं, मग दुरुस्त करून ६.५, आणि नेटमुळं ६.२ मागून पोचलं तर जुनं नव्यावर बसलं. एक फेरी परत आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही हा सगळ्यात सरळ मार्ग. तिसरं, उत्तर आलं नाही म्हणून परत पाठवलं आणि पहिलंपण पोचलेलं होतं, तर एक दूध दोनदा. त्यासाठी प्रत्येक नोंदीला ब्राऊझरमध्येच एक आयडी द्या आणि सर्व्हरनं तोच आयडी परत आला तर नवीन ओळ करायची नाही. आयडीसाठी रँडमयूयूआयडी वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतं. ऑफिसातल्या एका मशीनवर सर्व्हर आणि बाकीच्यांनी साध्या एचटीटीपीवर १९२.१६८ वाला पत्ता उघडायचा, अशी मांडणी आपल्याकडं लई ठिकाणी आहे, तिथं ते फंक्शनच नसतं आणि तुमच्या लॅपटॉपवर मात्र मस्त चालत असतं.

मध्येच लाईट गेली तर?

जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात हा प्रश्न नव्हे, रोजचं जगणं आहे. बरेच जण सांगतात की पान बंद होतानाच्या इव्हेंटमध्ये सेव्ह करा. टॅब बंद केला, मोबाईलवर दुसरं ॲप उघडलं, त्याला व्हिजिबिलिटीचेंज उपयोगी पडतो आणि सेंडबीकननं थोडा डेटा पाठवतापण येतो, ६४ केबीच्या आसपास. पण वीज गेली तर कुठलाच इव्हेंट येत नाही, स्क्रीन काळी आणि विषय संपला. म्हणून आफ्टरचेंज आला की सर्व्हरच्या आधी ती नोंद ब्राऊझरच्या इंडेक्सडडीबीमध्ये (ब्राऊझरचा स्वतःचा डेटाबेस, तो त्याच मशीनवर राहतो) लिहा, सर्व्हरचं "मिळालं" आलं की तिथून काढा, आणि शीट उघडताना पहिल्यांदा तिथं काही शिल्लक आहे का बघा. क्लार्कला दिसेल असा शिल्लक नोंदींचा आकडा वरच्या कोपऱ्यात ठेवा. एका डेअरीतले अण्णा रोज कुलूप लावायच्या आधी तो आकडा शून्य झाला का बघूनच शटर ओढतात. नेट आहे का हे ब्राऊझरच्या ऑनलाईन फ्लॅगवरून ठरवू नका, राऊटरला जोडलेलं असलं तरी तो हो म्हणतो.

डेव्हएक्सप्रेसच्या शीटमध्ये सेल बदलला तरी बिगिनकॉलबॅक येत नाही.

तिथं फाईल सर्व्हरवर उघडी असते आणि साधा सेलबदल बिगिनसिंक्रोनायझेशन, एंडसिंक्रोनायझेशन या इव्हेंटांतून जातो, ते पकडा. बिगिनकॉलबॅक, एंडकॉलबॅक हे परफॉर्मकॉलबॅक वगैरेच्या, म्हणजे आपण कोडमधून मारलेल्या, फेरीसाठी. एंडकॉलबॅकमध्ये सरळ परफॉर्मकॉलबॅक लिहू नका, तोच घाण्याचा बैल. सर्व्हरवरून काही किंमत परत पाहिजे असेल तर जेएसप्रॉपर्टीजमध्ये सीपीनं सुरू होणारं नाव देऊन ठेवा आणि एंडकॉलबॅकमध्ये वाचा. कॉलबॅकएररमध्ये हँडल्ड ट्रू केलं की तो इंग्रजी खोका येत नाही, तुमचा मराठी-कानडी मेसेज दाखवता येतो, पण मेसेज दाखवाच, नुसता गप्प बसवू नका.

ओळ डिलीट झाल्यावर आयडी मिळत नाही.

आफ्टररिमूव्हरो येतो तेव्हा ओळ गेलेली असते. बिफोररिमूव्हरोमध्ये खऱ्या ओळींचे नंबर मिळतात, आयडी तिथंच टिपून ठेवा.

सिलेक्शनला बाजूला माहिती दाखवतोय, माऊस ओढला की सगळं जड होतं.

आफ्टरसिलेक्शन ओढताना सारखा येत राहतो. आफ्टरसिलेक्शनएंड वापरा.

रिॲक्टमध्ये कॉलबॅकला जुनाच दर दिसतो.

फंक्शन बनलं तेव्हाचा दर त्यानं धरून ठेवलाय. दर रेफमध्ये (रिॲक्टचा डबा, त्यातली किंमत कधीही वाचली तरी ताजीच मिळते) ठेवा आणि कॉलबॅकमध्ये रेफमधून वाचा.

कंट्रोल झेड दाबलं की रक्कम मागं जाते आणि परत येते, लिटर काय मागं जात नाही.

तुम्ही रक्कम वेगळी सेट केली म्हणून अनडूच्या रांगेत ती वेगळी पायरी झाली. पहिला कंट्रोल झेड रक्कम मागं नेतो, तुमचा आफ्टरचेंज ते बघून परत हिशोब करतो, आणि क्लार्क तिथंच अडकतो. अनडूच्या सोर्सवर हिशोब करू नका म्हटलं तर एक झेड मारल्यावर रक्कम एक आणि लिटर दुसरंच असं दिसत राहतं.

मी शेवटी रक्कम डेटामध्ये ठेवणंच बंद केलं. लिटर, फॅट, एसएनएफ हीच खरी नोंद, दर आणि रक्कम रेंडररमध्ये (सेल रंगवणारं फंक्शन) काढून फक्त दाखवायची आणि बिलासाठी सर्व्हरवर परत काढायची, दोन्हीकडं रुपयांत नव्हे, पैशांत. पैशांत का, तर १.००५ ला शंभरनं गुणलं की जावास्क्रिप्ट १००.४९९९९९९९९९९९९९ देतं आणि क्लार्कच्या कॅल्क्युलेटरवर १००.५ येतं, एका ओळीला पैशाचा फरक, दहा दिवसांच्या बिलात तो माणसाला दिसतो. लिटर दहा मिलिलिटरच्या हिशोबात पूर्णांक करून घ्या, दर पैशात, गुणाकार पूर्णांकांचा, आणि गोल करायचं ते शेवटी एकदाच, डेअरीच्या चेअरमननी सांगितलेल्या रीतीनं.